पुढच्या संकटासाठी डिजिटल आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडची लाट ओसरली तशी त्या काळात घाईघाईने उभी राहिलेली कितीतरी अ‍ॅप, पोर्टल आणि डॅशबोर्ड बंद पडली. पुढची साथ, पूर, भूकंप किंवा सायबर हल्ला कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही. पण तेव्हा आरोग्यव्यवस्थेला कोणती माहिती लागेल, ती कुणाकडून यायची आणि कुणाकडे जायची, हे आजच ठरवता येतं. रुग्णालयं आणि आरोग्य केंद्रं चालवणारे, तिथे राबणारे आणि तिथे उपचार घेणारे लोक याबद्दल पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

डिजिटल आरोग्य म्हणजे रुग्णांसाठीचं अ‍ॅप का?

अ‍ॅप हा त्यातला अगदी छोटा आणि सगळ्यात जास्त गाजणारा भाग. खरं काम पडद्याआड चालतं. रुग्णाचा केसपेपर संगणकावर असणं, प्रयोगशाळेचा निकाल थेट डॉक्टरांपर्यंत जाणं, कोणत्या गोदामात किती लस आणि किती सलाइन शिल्लक आहे हे कळणं, कोणत्या केंद्रावर किती परिचारिका ड्युटीवर आहेत याची चालू यादी असणं, तापाचे रुग्ण एखाद्या भागात अचानक वाढले तर त्याच आठवड्यात इशारा मिळणं, हे सगळं त्यात येतं. संकटात अधिकाऱ्यांना पडणारे प्रश्न साधे असतात: रुग्ण कुठे आहेत, खाटा किती रिकाम्या आहेत, ऑक्सिजन किती तास पुरेल, माणसं कुठून आणायची? या प्रश्नांची उत्तरं फोनाफोनी न करता मिळत असतील तर तुमच्याकडे डिजिटल आरोग्य आहे. मिळत नसतील तर अ‍ॅप कितीही देखणं असो, ते नाही.

संकट म्हणजे फक्त साथच ना?

नाही. ऑगस्ट २००५मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स भागात अनेक दवाखान्यांचे कागदी केसपेपर पाण्यात गेले. कर्करोगाचे रुग्ण दुसऱ्या गावी पोहोचले, पण कोणतं औषध, किती मात्रा, कितवी फेरी, हे सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता. त्याच शहरातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाच्या नोंदी मात्र संगणकावर होत्या, त्यांचा बॅकअप शहराबाहेर नेलेला होता, आणि काही दिवसांतच इतर गावांतल्या डॉक्टरांना त्या पाहता येऊ लागल्या. वादळ तेच, शहरही तेच. फरक वर्षानुवर्षं रोज केलेल्या नोंदींचा होता.

२०१०मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी, कुणाचीही ओळख उघड न करता, सिमकार्डांच्या हालचालींवरून एक अंदाज काढला: राजधानीतले सुमारे ६ लाख ३० हजार लोक १९ दिवसांत शहर सोडून गेले होते. लोक कुठे गेले हे कळलं की औषधं आणि डॉक्टर कुठे पाठवायचे हेही कळतं.

युद्ध, उष्णतेची लाट, औषधांचा तुटवडा, संगणकांवरचा हल्ला ही सगळी आरोग्यसंकटंच आहेत.

कोविडच्या काळात नेमकं काय कामाला आलं?

जे आधीपासून रोजच्या वापरात होतं ते. आमच्या मते या सगळ्या विषयाचा कणा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

श्रीलंकेचं उदाहरण घ्या. तिथल्या आरोग्य विभागात ‘डीएचआयएस-२’ ही आरोग्याची माहिती गोळा करणारी मुक्त स्रोत प्रणाली, म्हणजे जिचा कोड कुणालाही घेऊन बदलता येतो अशी, अनेक वर्षं वापरात होती. तिची मुळं १९९०च्या दशकातल्या दक्षिण आफ्रिकेत आहेत आणि आज तिची धुरा नॉर्वेचं ऑस्लो विद्यापीठ सांभाळतं. माता-बाल आरोग्य, लसीकरण, क्षयरोग अशा रोजच्या कामांसाठी ती वापरली जाते. जानेवारी २०२०मध्ये, म्हणजे बहुतेक देश अजून बातम्याच वाचत होते तेव्हा, श्रीलंकेतल्या स्थानिक चमूने याच प्रणालीत बाहेरून येणाऱ्या प्रवाशांच्या नोंदीची सोय करून घेतली. नवीन सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागलं नाही, निविदा काढावी लागली नाही, परदेशातून सल्लागार बोलवावे लागले नाहीत. प्रणाली ओळखीची होती आणि ती बदलता येणारी माणसं देशातच होती. पुढे इतर अनेक देशांनी तोच साचा घेतला.

याउलट, फक्त साथीसाठी म्हणून बांधलेल्या प्रणालींचं काय झालं ते बहुतेक ठिकाणी सारखंच आहे. भर गर्दीत कर्मचाऱ्यांना नवे लॉगिन, नवे फॉर्म आणि नवं प्रशिक्षण घ्यावं लागलं. आधीचा अहवाल द्यायचाच, वर हाही. लाट गेली तशी ती प्रणालीही गेली.

म्हणून कुणी ‘महासाथीसाठी खास’ असं काही विकायला आलं तर पहिला प्रश्न हा विचारा: साथ नसताना हे कोण आणि कशासाठी वापरणार आहे? याला ठोस उत्तर नसेल तर पुढे बोलण्यात वेळ घालवू नका.

संगणकामुळे साथ आधीच ओळखता येते का?

आधी नाही, पण लवकर ओळखता येते. या दोहोंत मोठा फरक आहे.

१९९४मध्ये सुरू झालेलं ‘प्रोमेड’ ही मुळात एक ईमेल यादी. जगभरातले डॉक्टर आणि पशुवैद्य विचित्र आजारांच्या बातम्या तिथे पाठवतात, जाणकार संपादक त्या तपासून पुढे धाडतात. वूहानमधल्या अनोळखी न्यूमोनियाची सूचना त्यावर ३० डिसेंबर २०१९लाच आली होती. तंत्रज्ञान जुनं, पण वाचणारी माणसं तयारीची.

कॅनडाने १९९७मध्ये जगभरच्या बातम्या चाळून साथींचा माग काढणारी यंत्रणा उभी केली, ‘जीपीएचआयएन’ नावाची. तिचं जगभर नाव झालं. पण साथ नसलेल्या वर्षांत अशा यंत्रणेचा खर्च डोळ्यांत येतो. मे २०१९मध्ये तिच्याकडून जगाला जाणारे इशारे जवळजवळ थांबले आणि काही महिन्यांतच कोविड आला. सॉफ्टवेअर जागच्या जागी होतं, इशारा देण्याचं काम तेवढं थांबलं होतं.

नुसत्या यंत्रावर भिस्त ठेवली की काय होतं तेही पाहिलेलं आहे. ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’ २००८मध्ये सुरू झालं. लोक फ्लूबद्दल काय शोधतात यावरून फ्लू किती पसरला याचा अंदाज ते बांधायचं. २००९च्या स्वाइन फ्लूची पहिली लाट त्याच्या नजरेतून निसटली आणि २०१२-१३च्या हंगामात त्याचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. २०१५मध्ये ते बंद झालं.

आता बरेच देश ‘७-१-७’ हे उद्दिष्ट वापरतात: साथ सुरू झाल्यापासून ७ दिवसांत ती ओळखायची, १ दिवसात कळवायची, आणि पुढच्या ७ दिवसांत पहिली उपाययोजना पूर्ण करायची. हे उद्दिष्ट चांगलं यासाठी की ते व्यवस्थेला घड्याळ लावतं. प्रत्येक छोट्या साथीनंतर कोणता दिवस कुठे वाया गेला ते दिसतं. नमुना चार दिवस प्रयोगशाळेच्या वाटेवरच होता, हे कळलं की उपाय गाडीचा करायचा की संगणकाचा तेही समजतं.

‘शून्य अहवाल’ म्हणजे काय? रुग्णच नसतील तर अहवाल कशाला?

सर्वेक्षणात, म्हणजे आजारांवर सतत नजर ठेवण्याच्या कामात, शून्य हाही आकडा आहे. या आठवड्यात गोवराचा एकही रुग्ण नाही, असं केंद्राने कळवलं तर ती माहिती आहे. केंद्राने काहीच कळवलं नाही तर रुग्ण नाहीत, नेट नाही, की कर्मचारी रजेवर आहे, हे कळायला मार्ग नाही. चांगली प्रणाली ‘शून्य’ आणि ‘कोरं’ यांत फरक करते आणि सलग दोन आठवडे गप्प असलेल्या केंद्राला कुणीतरी फोन करेल अशी सोय ठेवते. नकाशावर हिरवा दिसणारा जिल्हा कधी कधी फक्त गप्प असलेला जिल्हा असतो.

आकडे वेळेवर येत होते, तरी चूक होऊ शकते का?

होऊ शकते, आणि फार क्षुल्लक कारणाने. सप्टेंबर २०२०मधला इंग्लंडचा प्रसंग या क्षेत्रातल्या प्रत्येकाने बारकाईने पाहावा असा आहे.

प्रयोगशाळा कोविड चाचण्यांचे निकाल साध्या मजकूर-फायलींतून पाठवत होत्या. पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी संस्थेत या फायली आपोआप एक्सेलच्या साच्यात भरल्या जात आणि तिथून आकडे डॅशबोर्डवर आणि संपर्क शोधणाऱ्या पथकांकडे जात. साचा एक्सेलच्या जुन्या, ‘एक्सएलएस’ प्रकारातला होता. या प्रकारात एका पानावर जास्तीत जास्त ६५,५३६ ओळी मावतात. एका निकालाला अनेक ओळी लागत असल्याने प्रत्यक्षात एका फायलीत सुमारे १,४०० रुग्णच बसत. दुसरी लाट सुरू झाली, रुग्ण वाढले, फाइल भरली, आणि पुढचे रुग्ण बाहेरच राहिले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून गळाले.

त्या लोकांना स्वतःचा निकाल मिळाला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना कुणी फोन केला नाही, कारण पथकांच्या यादीत त्यांची नावंच नव्हती. साथीत संपर्क शोधायला दोन-चार दिवसांचा उशीर झाला तरी त्या कामाचा अर्धा उपयोग संपतो.

यावरचा उपाय महागडा नाही. पाठवणाऱ्याने किती पाठवले आणि घेणाऱ्याला किती मिळाले, याचा ताळा रोज घ्यायचा. दोन आकडे जुळले नाहीत तर काम थांबवून शोधायचं. आणि शांततेच्या काळात एकदा तरी नेहमीच्या दहापट खोट्या नोंदी प्रणालीत टाकून ती कुठे कोलमडते ते पाहायचं.

एका प्रणालीतली माहिती दुसरीत का जात नाही? पुन्हा पुन्हा टाइप का करावं लागतं?

कारण प्रत्येक कार्यक्रमाने आपापलं सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने बनवून घेतलेलं असतं. एकात जन्मतारीख असते, दुसऱ्यात नुसतं वय. एकात नाव आधी, दुसऱ्यात आडनाव आधी. एकच रक्तचाचणी तीन प्रयोगशाळांत तीन नावांनी नोंदलेली. एकाच बाईच्या नावाची स्पेलिंग ओपीडीत एक, प्रसूतिगृहात दुसरी आणि लसीकरणाच्या यादीत तिसरी असली की संगणकाच्या लेखी त्या तीन बायका होतात.

यासाठी जगात प्रमाणकं आहेत. आजारांसाठी ‘आयसीडी’, ज्याची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२पासून लागू आहे. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांसाठी ‘लॉइंक’. माहितीच्या देवाणघेवाणीसाठी ‘एफएचआयआर’. हे शब्द खरेदीच्या करारात लिहून घेतले नाहीत तर नंतर कुणीही फुकट करून देत नाही. करारात आणखी एक कलम हवंच: सगळी माहिती, वाचता येईल अशा स्वरूपात, मागितल्या दिवशी परत मिळाली पाहिजे. कंपनी बंद पडली किंवा करार संपला आणि दहा वर्षांच्या नोंदी तिच्याच सर्व्हरवर अडकल्या, तर तेही एक संकटच.

आधीच कामाने वाकलेल्या कर्मचाऱ्यांवर हा आणखी एक बोजा नाही का?

बहुतेक ठिकाणी आहे, आणि ही तक्रार अगदी रास्त आहे. लस टोचली की आधी रजिस्टर, मग कार्ड, मग टॅबलेट, मग महिनाअखेरचा तक्ता, मग वरच्या कार्यालयाला व्हॉट्सअ‍ॅपवर तोच आकडा. एकच काम पाच ठिकाणी लिहायला लावून वर डेटा निकृष्ट आहे म्हणून कर्मचाऱ्यालाच बोल लावायचा, हा अन्याय आहे. नवी नोंद सुरू करताना जुनी कोणती बंद होणार हे त्याच आदेशात लिहिलेलं असावं. नसेल तर तो आदेश अर्धवट समजावा.

नोंद करणाऱ्याला त्या नोंदीचा उपयोग झाला तर ती आपोआप चांगली होते. उद्या कोणत्या बाळांचा डोस आहे याची तयार यादी मिळाली, लस संपत आल्याचं कळवलं आणि खरोखरच पुरवठा आला, तर आकडे भरायला कुणाला बजावावं लागत नाही.

आणि तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही वापरता येतं. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत इबोलाने ११ हजारांहून अधिक बळी घेतले. सिएरा लिओनमध्ये जिवावर उदार होऊन काम करणाऱ्यांना पगार रोखीने मिळत होता आणि तो रखडत होता. परिणामी संप होत होते. मोबाइलवरून पैसे द्यायला सुरुवात केल्यावर सरासरी महिन्याहून अधिक लागणारा वेळ एका आठवड्यावर आला. शेजारच्या लायबेरियात ‘एमहीरो’ या सोयीने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अधिकृत यादीला एसएमएसची जोड दिली. साध्या फोनवर सूचना जाई आणि कर्मचारी उत्तरही देऊ शकत. दोन्ही ठिकाणी खरी गोम एकच होती: कोण, कुठे, कोणत्या नंबरवर काम करतं याची अचूक यादी. तुमच्याकडे ती आज आहे का?

वीज आणि नेट दोन्ही गेलं तर सगळं ठप्पच ना?

तसं होऊ द्यायचं नसेल तर प्रणाली पहिल्या दिवसापासून ऑफलाइन चालणारी घ्यावी. २०१७मध्ये मारिया चक्रीवादळानंतर पोर्तो रिकोतले सुमारे ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद होते. जानेवारी २०२२मध्ये टोंगाजवळ ज्वालामुखीचा उद्रेक झाला, समुद्राखालची केबल तुटली आणि ती जोडायला पाच आठवडे लागले. सगळी माहिती क्लाउडवर आहे, असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे पाच आठवडे डोळ्यांसमोर आणावेत.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ईवॉर्स’ नावाची पेटी याच विचारातून बनली. एका पेटीत ६० मोबाइल, लॅपटॉप, स्थानिक सर्व्हर आणि सौरऊर्जेवर चार्जिंगची सोय. अशा एका पेटीवर ५० दवाखाने आणि सुमारे ५ लाख लोकसंख्येचं साथसर्वेक्षण चालवता येतं, खर्च अंदाजे १५ हजार डॉलर. दक्षिण सुदानमध्ये आणि २०१७नंतर बांगलादेशातल्या रोहिंग्या छावण्यांमध्ये ती वापरली गेली.

कागदही ठेवावा. छापील फॉर्मचा गठ्ठा, तोही संगणकावरच्या फॉर्मच्याच क्रमाने छापलेला, म्हणजे नंतर नोंदी चढवताना गोंधळ होत नाही.

रुग्णालयावर सायबर हल्ला झाला तर काय होतं?

१२ मे २०१७च्या ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतले सुमारे एक तृतीयांश ट्रस्ट, म्हणजे रुग्णालयं चालवणाऱ्या संस्था, बाधित झाले आणि हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. ज्या त्रुटीतून हल्लेखोर शिरले ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ती बसवलेली नव्हती, इतकंच.

आयर्लंडचा प्रसंग जास्त शिकवणारा आहे. मार्च २०२१मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतल्या एका संगणकावर ईमेलमधून आलेली घातक एक्सेल फाइल उघडली गेली. हल्लेखोर आठ आठवडे आत वावरत होते. १४ मेला रॅन्समवेअरने, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने, फायली कुलूपबंद केल्या आणि खबरदारी म्हणून देशभरची यंत्रणा बंद करावी लागली, तीही कोविड चालू असताना. क्ष-किरण, रक्तचाचण्या, कर्करोगाचे किरणोपचार, सगळ्याला फटका बसला. सरकारने खंडणी दिली नाही. हल्लेखोरांनी आठवडाभरात फायली उघडणारी डिजिटल किल्ली दिली, तरी सगळं पूर्ववत व्हायला सुमारे चार महिने गेले. किल्ली हाती असूनही चार महिने, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रत्येक सर्व्हर साफ करून, तपासून, ठरावीक क्रमाने सुरू करावा लागतो, आणि तो क्रम आधी लिहून ठेवलेला नसेल तर वेळ तिथेच जातो.

म्हणून बॅकअप आहे का एवढंच विचारून थांबू नका. तो मुख्य जाळ्यापासून तुटलेला आहे का, आणि त्यातून माहिती परत आणून पाहिली होती तो शेवटचा दिवस कोणता, हे विचारा.

माझ्या आजाराची माहिती सरकारच्या हाती गेली तर तिचा गैरवापर होणार नाही कशावरून?

शब्दांवर विश्वास ठेवू नका, कायद्यात काय लिहिलंय ते पाहा. सिंगापूरच्या ‘ट्रेसटुगेदर’ अ‍ॅपची माहिती फक्त संपर्क शोधायला वापरू, असं लोकांना सांगितलं होतं. जानेवारी २०२१मध्ये संसदेत स्पष्ट झालं की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीसही ती मागू शकतात. लोक चिडले आणि पुढच्याच महिन्यात हा वापर गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करणारा कायदा करावा लागला. नॉर्वेत उलट घडलं. तिथल्या माहितीसंरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅप गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करतं असा आक्षेप घेतला आणि जून २०२०मध्ये सरकारने ते थांबवून जमवलेली माहिती पुसून टाकली.

अ‍ॅपल आणि गूगलने अशा संपर्क शोधणाऱ्या अ‍ॅपसाठी एप्रिल २०२०मध्ये मांडलेल्या पद्धतीत कोण कुणाच्या जवळ होतं ही नोंद फोनमध्येच राहते, मध्यवर्ती सर्व्हरवर जात नाही. जर्मनीच्या अ‍ॅपने हीच पद्धत घेतली. पण आरोग्य विभागांना त्यातून साथीचं एकत्रित चित्र मिळणं अवघड होतं, हा तिचा तोटा. दोन्ही गोष्टी शंभर टक्के मिळत नाहीत. कुठे रेघ ओढायची हे लोकांसमोर, शांत डोक्याने आणि आधी ठरवायला हवं. कोणती माहिती, कशासाठी, कोण पाहणार आणि कोणत्या तारखेला पुसणार, हे चार मुद्दे कायद्यात नसतील तर लोकांनी माहिती द्यायला नकार देणं मला गैर वाटत नाही. ज्या आजारांना सामाजिक कलंक चिकटलेला असतो, तिथे गुप्तता फुटली की पुढचा रुग्ण दवाखान्यात येतच नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळं सोपं करणार नाही का?

काही कामं नक्कीच सोपी करते: हजारो बातम्यांतून आजाराच्या बातम्या वेगळ्या काढणे, औषधांच्या मागणीचा अंदाज, भाषांतर. पण संकटाच्या घाईत बनवलेल्या साधनांबाबत सावध राहा. केंब्रिज विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या गटाने २०२०मध्ये छातीच्या प्रतिमांवरून कोविड ओळखणाऱ्या संगणकीय प्रारूपांवरचे २,२१२ शोधनिबंध गोळा केले. गाळत गाळत ६२ बारकाईने तपासले. प्रत्यक्ष रुग्णांवर वापरण्याजोगं त्यात एकही निघालं नाही. काहींनी ‘कोविड नसलेले’ म्हणून लहान मुलांचे एक्स-रे वापरले होते आणि कोविडचे मोठ्या माणसांचे. अशा वेळी यंत्र कदाचित मूल आणि मोठा माणूस एवढंच ओळखायला शिकतं.

उपकरणांचंही तसंच. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर काळ्या त्वचेच्या रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा चुकवतो, असं अमेरिकेतल्या २०२०च्या एका अभ्यासात दिसलं. ज्या लोकांवर साधन वापरायचं त्या लोकांवर ते तपासलं आहे का, हे विचारल्याशिवाय विकत घेऊ नका.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचं काय?

२०२४च्या अंदाजानुसार जगातले सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटच्या बाहेर होते, आणि संकटाचा पहिला तडाखा बऱ्याचदा त्यांनाच बसतो. भारतात मे २०२१मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी लसीची ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला विचारलं की ज्यांच्याकडे नेट नाही, त्यांनी लस घ्यायची कशी? त्या जूनपासून थेट केंद्रावर जाऊन नोंदणी करणं सर्वांना खुलं झालं. डिजिटल व्यवस्था आरोग्य विभागाने वापरावी. नागरिकाला सेवा मिळण्यासाठी ती अट असू नये. खिडकीवर माणूस हवा, फोनवर बोलणारा माणूस हवा आणि मजकूर लोकांच्या भाषेत हवा.

टेलिमेडिसिन संकटात उपयोगी पडतं का?

फोनवरून किंवा व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेणं, म्हणजे टेलिमेडिसिन, उपयोगी पडतं, पण नियम आधीच तयार असतील तर. अमेरिकेत ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत २०१९मध्ये दूरस्थ सल्ल्याच्या सुमारे ८ लाख ४० हजार भेटी झाल्या. २०२०मध्ये ५ कोटी २७ लाख. व्हिडिओ कॉलचं तंत्र मध्यंतरी बदललं नव्हतं. बदलले ते फी आणि परवानगीचे नियम. औषधचिठ्ठी ग्राह्य कधी, जबाबदारी कुणाची, फोनवरचा सल्ला पुरेसा कधी आणि रुग्णाला बोलवायचंच कधी, हे ठरवून ठेवा.

पैसा कुठून आणायचा? आणि पायलट प्रकल्प पुढे का सरकत नाहीत?

देणगीदारांच्या पैशावरचे छोटे प्रयोग ही या क्षेत्राची जुनी दुखरी नस आहे. युगांडात हे इतके वाढले की आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०१२मध्ये नव्या प्रयोगांवर सरसकट स्थगिती आणली: आधी राष्ट्रीय आराखड्यात बसवा, मग परवानगी. कठोर वाटला तरी निर्णय योग्य होता. २०२२मध्ये जागतिक बँकेत सुरू झालेला महासाथ निधी सर्वेक्षण, प्रयोगशाळा आणि मनुष्यबळासाठी अनुदान देतो, त्यात अर्ज करता येतो. पण सर्व्हरचं भाडं, दुरुस्ती, प्रशिक्षण आणि सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या दोन माणसांचा पगार दरवर्षीच्या अर्थसंकल्पात नसेल तर अनुदान संपेल त्या दिवशी प्रकल्पही संपेल.

छोट्या रुग्णालयाला फारसा खर्च न करता काय करता येईल?

संगणक बंदचा सराव. एखाद्या वॉर्डात, आधी कळवून, दोन तास संगणक पूर्ण बंद ठेवा. मग काय होतं ते कुणीतरी वही घेऊन लिहीत राहायचं. कोरे फॉर्म कुठे आहेत हे किती जणांना माहीत होतं? दाखल रुग्णांची ताजी छापील यादी होती का, आणि कुणाला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते तिच्यावर होतं का? रक्ताचा अहवाल प्रयोगशाळेतून वॉर्डात कोण घेऊन आलं आणि किती वेळात? महत्त्वाचे फोन नंबर भिंतीवर होते की तेही संगणकातच? दोन तासांनी संगणक सुरू झाल्यावर कागदावरच्या नोंदी कुणी चढवल्या आणि त्यातली एखादी राहिली का?

सापडलेल्या उणिवांपैकी तीन निवडा, महिनाभरात दुरुस्त करा आणि सराव पुन्हा घ्या. दिवसपाळीत जमायला लागलं की पुढचा सराव रात्रपाळीत, कारण तेव्हा ड्युटीवर माणसं कमी असतात आणि संगणक सांभाळणारा माणूस घरी झोपलेला असतो.